नरतुरंग सुरतेच्या वेशीवर

ग्रीस म्हटले की आपल्या शाळांतील मुलांना सॉक्रेटिस, सिकंदर आणि ऑलिंपिकचे सामने एवढेच आठवते. परंतु ग्रीक माणसाच्या मनाचा तळ पाहायचा असेल, तर त्याच्या पुराणांतील राक्षस पाहावेत. केसांऐवजी डोक्यावर साप वळवळणारी मेड्यूसा, बैलाचे डोके आणि माणसाचे धड असलेला मिनोटॉर, कपाळावर एकच डोळा असलेला पॉलिफिमस, कमरेपर्यंत माणूस व खाली घोडा असे सेंटॉर, आणि एकेकाला शंभर हात असलेले ते तिघे भाऊ. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. त्यांतला एकही नगराच्या चौकात राहत नाही. कोणी दूरच्या बेटावर, कोणी गुहेत, कोणी रानात, कोणी भूमीच्या पोटात. मिनोटॉर तेवढा राजधानीत राहतो, पण तोही भूलभुलैयात कोंडलेला. म्हणजे राक्षसाची पहिली ओळख त्याच्या शिंगांवरून पटत नाही, त्याच्या राहण्याच्या जागेवरून पटते.

पाश्चात्त्य देशांत अलीकडे या जुन्या राक्षसांना आजच्या महानगरात आणून बसवणाऱ्या कादंबऱ्या आणि चित्रकथा निघाल्या आहेत. अंधाऱ्या गल्ल्या, रात्रपाळी, पोलिसांचा ससेमिरा, आणि त्यात वस्तीबाहेर टाकलेली ही जुनी मंडळी. कल्पना चांगली आहे. परंतु इतिहास शिकवणाऱ्या माणसाला त्यासाठी कल्पनेची फारशी गरज पडू नये. आमच्या सीमेपासून आगगाडीने काही तासांवर सुरत आहे. शहर परक्या माणसाचा राक्षस कसा करते, याचा साडेतीनशे वर्षांचा दाखला तेथे पडलेला आहे. आणि त्या दाखल्यात आपण मराठी माणसे एकदा नव्हे, अनेकदा उभे आहोत. कधी वेशीच्या बाहेर, कधी आत.

नॉर्विचच्या डॉक्टरला गेलेले पत्र

सतराव्या शतकातील सुरत म्हणजे मोगल साम्राज्याची तिजोरी. हजला जाणारी जहाजे येथूनच सुटत, म्हणून तिला मक्केचा दरवाजा म्हणत. इंग्रज, डच यांच्या वखारी होत्या; विरजी व्होरासारखे सावकार होते, ज्यांच्या श्रीमंतीची चर्चा युरोपात होत असे. ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण उगीच पडली नाही.

जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज या शहरावर चालून आले. त्यामागची कारणे आपल्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. शाहिस्तेखानाने तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख तुडवला होता. त्याची भरपाई मोगलांच्याच तिजोरीतून करून घ्यायची होती. सकाळी गणदेवीकडून फौज येत असल्याची बातमी सुरतेत पोहोचली आणि रात्रीपर्यंत ती उधन्याजवळ आली. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. महाराजांचा मुक्काम बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत पडला. पुढचे चार दिवस सुरत लुटली गेली, जळली. मराठीत त्याला ‘सुरत बेसुरत केली’ म्हणतात.

इंग्रजांच्या वखारीत त्या वेळी एस्कॅलिऑट नावाचा एक पाद्री होता. लूट संपून दोन-अडीच आठवडे होतात न होतात तोच त्याने विलायतेतील नॉर्विच गावी सर टॉमस ब्राउन या डॉक्टरला सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र उपलब्ध आहे आणि इतिहासकारांनी ते वापरलेही आहे. परंतु पत्र ज्याला गेले तो माणूस कोण, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

हा ब्राउन मोठा विलक्षण गृहस्थ. त्याने १६४६ साली ‘सुडोडॉक्सिया एपिडेमिका’ नावाचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला होता. नावाचा अर्थ ढोबळमानाने असा, की साथीच्या रोगासारख्या पसरणाऱ्या खोट्या समजुती. गरुडाचे डोके व सिंहाचे धड असलेला ग्रिफिन खरा आहे काय? नजरेने मारणारा बॅसिलिस्क सर्प असतो काय? राखेतून उठणारा फिनिक्स कोणी पाहिला आहे काय? अशा एकेका समजुतीची त्याने शांतपणे उलटतपासणी केली. सेंटॉरविषयीही त्याने एक जुना खुलासा नोंदवला आहे. थेसली प्रांतातील तरुण घोड्यावर बसून नदीवर आले होते. घोड्यांनी पाणी पिण्यासाठी माना खाली घातल्या. दुरून पाहणाऱ्यांनी घोडेस्वार त्यापूर्वी कधी पाहिलेला नव्हता. त्यांना घोड्याचे डोके दिसले नाही, वर माणूस दिसला, खाली चार पाय दिसले. गावात बातमी गेली की अर्धा माणूस, अर्धा घोडा असा प्राणी आला आहे. आपल्या ज्योतिषाच्या पुस्तकांत सेंटॉर या तारकासमूहाला ‘नरतुरंग’ असे सुंदर नाव आहे.

आता गंमत पाहा. घोडेस्वारांना दुरून पाहून राक्षस कल्पिला जातो हे ज्याने छापले, त्याच माणसाला सुरतेहून मराठी घोडेस्वारांची हकीकत गेली.

अंतराचा खेळ

त्याच वर्षी सुरतेच्या इंग्रज वखारीने कंपनीला धाडलेल्या पत्रांपैकी एकात असा मजकूर आहे की, लोकवार्तेने शिवाजीला हवेचे शरीर दिले आहे आणि वर पंखही लावले आहेत; नाही तर एकाच वेळी इतक्या ठिकाणी तो असल्याचे कसे बोलले जावे? लिहिणारा व्यापारी स्वतः त्यावर विश्वास ठेवत नाही. तो वैतागला आहे. पण त्यामुळेच ही नोंद मोलाची. आज येथे, उद्या तेथे, कोठून येईल सांगता येत नाही, अशा माणसाला शहराच्या भीतीने पंख फुटवले. नरतुरंगाला चार पाय फुटले त्याच पद्धतीने.

आणि एस्कॅलिऑटचे पत्र काय सांगते? ज्यांनी महाराजांना प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून ऐकून तो लिहितो की, माणूस मध्यम उंचीचा, ताठ, बांधेसूद, नजर तीक्ष्ण, वर्ण त्यांच्या लोकांत उजळ. आणि बोलताना हसल्यासारखा दिसतो. पंख नाहीत, हवेचे शरीर नाही. एकाच शहराच्या दोन पत्रांत एकाच माणसाची ही दोन चित्रे आहेत. पहिले दुरून काढलेले आहे, दुसरे तंबूच्या आत जाऊन आलेल्यांच्या सांगण्यावरून. दोहोंतला फरक केवळ अंतराचा आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सुरतेची भीती खोटी नव्हती. विरजी व्होराचे घर लुटले गेले, वस्ती जळाली. इनायतखानाने तहाच्या बोलण्यासाठी म्हणून पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर कट्यारीने हल्ला केला. तो जागीच मारला गेला. पण महाराज पडले असे वाटून सैन्य खवळले, आणि त्यानंतर काही कैद्यांची मुंडकी उडाली, काहींचे हात तोडले गेले. हे इंग्रजांच्या कागदांत आहे आणि ते लपवून आपला इतिहास मोठा होत नाही. पण त्याच कागदांच्या जोडीला इतर युरोपीय लेखकांचीही साक्ष आहे. कॅपुचिन पंथाच्या फादर अँब्रोज यांच्या मठाला धक्का लागला नाही. डचांचा दलाल मोहनदास पारेख हा दानधर्म करणारा होता असे कळल्यावर, तो हयात नसतानाही त्याच्या घराला हात लागला नाही. राक्षस असा विचार करीत नाही. अमुक घर धर्मात्म्याचे, ते सोडा, असे म्हणणारा माणूसच असतो. युद्ध करणारा, कधी कठोर, पण माणूस.

हा विषय माझ्यासाठी केवळ पुस्तकी नाही. माझ्या वर्गात मराठी घरची मुले असतात, गुजराती घरची असतात, अहिराणी आणि मावची बोलणारीही असतात. एका वर्षी सुरतेचा धडा चालू असताना व्यापारी घरातील एका मुलाने विचारले, “सर, ज्यांची घरे जळाली त्यांच्या मुलांना हा धडा कसा शिकवायचा?” वर्ग हसला. मी हसलो नाही. मी त्याला एस्कॅलिऑटची हकीकत सांगितली, मोहनदास पारेखांचे घर सांगितले, तुटलेले हातही सांगितले. सीमेवरच्या शाळेत इतिहास असाच शिकवावा लागतो. अर्धा वर्ग टाळ्या वाजवील आणि अर्धा खाली मान घालील असा इतिहास येथे चालत नाही.

सुरत एकटी नव्हती. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात शिरू लागल्या, तेव्हा कलकत्त्याच्या इंग्रजांनी भोवती खंदक खणायला घेतला. त्याला ‘मराठा खंदक’ हेच नाव पडले. आणि बंगाली आया मुलाला झोपवताना ज्याची भीती घालीत तो ‘बर्गी’ म्हणजे आपला ‘बारगीर’, सरकारी घोड्यावर चाकरी करणारा साधा शिपाई. साताऱ्याकडचा किंवा वऱ्हाडातला एखादा कुणबी, घरी लेकराला मांडीवर घेणारा, तिकडच्या अंगाईत बागुलबुवा होऊन बसला.

शंभर हातांचे

आता ग्रीकांची दुसरी एक कथा पाहू. हेसिऑड नावाच्या प्राचीन कवीने ती सांगितली आहे. आकाशदेव युरेनस याला तीन एकाक्ष मुलगे झाले आणि शंभर हातांचे तिघे झाले. त्यांचे बळ पाहून बाप धास्तावला आणि त्याने त्यांना भूमीच्या पोटात कोंडले. पुढे झ्यूस आणि जुने देव यांचे युद्ध जुंपले. ते जिंकता येईना, तेव्हा झ्यूसने या कोंडलेल्यांना बाहेर काढले. एकाक्षांनी त्याला वज्र घडवून दिले. शंभर हातांच्यांनी एका वेळी तीनशे शिळा फेकल्या. युद्ध जिंकले गेले. आणि त्यानंतर हे शंभर हातांचे भाऊ कोठे गेले? पाताळाच्या दारावर पहारा द्यायला. ऑलिंपसच्या पंगतीत त्यांना पाट मांडल्याचे वाचनात येत नाही.

ज्याने रात्रपाळी सुटण्याच्या वेळी उधन्याच्या औद्योगिक वसाहतीतून एक चक्कर मारली असेल, त्याला ही कथा निराळी समजावून सांगावी लागत नाही. यंत्रमागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. बारा बारा तासांच्या पाळ्या. एकाच खोलीत दिवसपाळीवाले रात्री झोपतात आणि रात्रपाळीवाले दिवसा, अंथरूण तेच. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतील मजुरांचा अभ्यास करून हे जग जगापुढे मांडले. शहराला यातले हात हवे असतात. हाताबरोबर येणारा माणूस, त्याची बायको, मुले, भाषा, गणपती आणि आजारपण हे मात्र शहराला जड वाटते.

खानदेश आणि सुरत यांची नाळ जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्याची रेल्वे झाली; सुरतेहून व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करीत ती अमळनेरपर्यंत गेली. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा सीमा नवापूरच्या फलाटावरूनच गेली. आजही त्या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे. पण रूळ कोणी तोडले नाहीत. १९७२ चा दुष्काळ पडला, अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगाव येथल्या कापडगिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या, आणि गावोगावच्या ओट्यांवर एकच वाक्य ऐकू येऊ लागले, “पोऱ्या सुरतले गया.” उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आपले खानदेश वसले. १९६१ साली सुरतेची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. १९९१ साली ती पंधरा लाखांच्या घरात गेली आणि २०११ साली पंचेचाळीस लाखांच्या जवळ. हे हात सगळे मराठी नव्हते. हिऱ्यांना पैलू पाडायला सौराष्ट्रातून माणसे आली, मागावर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आली, उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आली. गुजराती बोलणारा काठियावाडीसुद्धा अस्सल सुरतीला परकाच होता.

ज्या उधन्याला १६६४ साली मराठी घोडेस्वार दिसताच सुरतेची झोप उडाली, तेथेच तीनशे वर्षांनी मराठी माणूस डबा घेऊन पाळीवर जाऊ लागला. इतिहास अशा वेळी मुद्दाम लक्ष वेधून घेतो.

साथ

सप्टेंबर १९९४. आधी तापीला पूर येऊन गेला होता. गणपतीचे विसर्जन नुकतेच झाले होते. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याची बातमी होती. आणि २१ सप्टेंबरच्या सुमारास सुरतेत वेड रोड भागात फुफ्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागल्याचे वृत्त फुटले. पुढच्या काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. अनेक खाजगी डॉक्टर दवाखान्यांना कुलूप लावून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. मृतांचा आकडा अखेर पन्नासच्या आसपास राहिला. सुरतेसारख्या शहराच्या मानाने तो लहानच. भीतीचा आकडा मात्र कोणी मोजला नाही.

पहिला संशय गेला तो बाहेरून आलेल्यांवर. मराठवाड्यातून आलेल्या मजुराने रोग आणला असावा असे तर्क बोलले गेले. झोपडपट्टी, उंदीर आणि परप्रांतीय ही तीन नावे एका दमात घेतली जाऊ लागली. भूलभुलैयातला मिनोटॉर मिळाला होता. पण मिनोटॉरच्या कथेत एक गोष्ट नेहमी विसरली जाते. त्याचे खरे नाव अॅस्टेरिअन, म्हणजे ताऱ्यासारखा. चूक राजा मायनॉसची होती, देवाला बोललेला बैल त्याने दिला नाही. शिक्षा भोगली ती पोराने, आणि ज्या अंधारात त्याला कोंडले तो अंधार डीडॅलस नावाच्या राजमान्य कारागिराने बांधला होता. सुरतेची गटारे तुंबली होती, कचरा उचलला जात नव्हता, वस्त्यांना पाणी आणि शौचालये नव्हती. हा भूलभुलैया मजुराने बांधलेला नव्हता.

मग गाडी उलटी फिरली. सुरतेहून पळालेली माणसे आपापल्या गावी पोहोचली तेव्हा गावांनी वेशी बंद केल्या. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, सगळा धुळे जिल्हाच होता. तापीकाठच्या एका गावात सुरतेहून परतलेल्या कुटुंबाला भाऊबंदांनी घरात घेतले नाही. नवरा-बायको आणि दोन पोरे शेतातल्या खळ्यावर तीन रात्री राहिली. बायको लांबून हाक मारी, सासू दारातून भाकरी ठेवून मागे सरे. चौथ्या दिवशी तालुक्याचा डॉक्टर येऊन तपासून गेला. कोणालाच काही झालेले नव्हते. ती सासू नंतर पुष्कळ रडली असे म्हणतात. सुरतेत ती माणसे गावाकडून रोग आणणारी ठरली, आणि गावात सुरतेहून रोग आणणारी. दोन्ही वेशींना राक्षस बाहेरूनच येताना दिसला.

याची तिसरी पायरी तर फार बोधप्रद आहे. आखाती आणि इतर काही देशांनी भारताची विमाने बंद केली. परदेशांतील विमानतळांवर भारतीय प्रवाशांना बाजूला उभे केले गेले. लिंबायतच्या मजुराकडे नाक मुरडणारा सुरतेचा शेठ स्वतः दुबईला नरतुरंग ठरला. ब्राउनने आपल्या ग्रंथाला साथीचे नाव का दिले, ते येथे कळते. प्लेगचे जंतू गोळ्यांनी मेले. समजुतीवर टेट्रासायक्लिन निघालेले नाही.

सुरतेचे श्रेय सुरतेला दिले पाहिजे. १९९५ साली आयुक्त म्हणून आलेल्या श्री. एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी गल्लीबोळांत उतरवले, बेकायदा बांधकामे पाडताना श्रीमंत-गरीब पाहिले नाही, आणि वस्त्यांतही झाडू, पाणी व दिवे नेले. दीड-दोन वर्षांत घाणीसाठी कुप्रसिद्ध असलेले शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळवला. माणसे तीच होती, मजूर तेच होते. बदलला तो भूलभुलैया. रोगाचे मूळ कोठे होते याचा यापेक्षा सरळ पुरावा दुसरा नसावा.

आपली पाळी

येथवर वाचून आपण मराठी माणसांनी स्वतःविषयी कळवळा वाटून घेतला, तर लेखाचा हेतू निम्माच साधेल. कारण वेशीच्या आतल्या बाजूलाही आपण उभे राहिलेले आहोत.

सातपुड्यातल्या भिल्लाला मैदानातल्या आपल्या वाडवडिलांनी काय नावे ठेवली, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. इंग्रजांनी १८२५ साली भिल्ल पलटण उभी करून त्याच लुटारू म्हटलेल्यांच्या हाती बंदुका व पगार दिला. शंभर हातांच्यांची कथा पुन्हा घडली. १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. १९५२ साली कायदा गेला, पण पारध्याचे पाल दिसले की गावात आजही कुजबुज होते.

मेड्यूसाचीही एक कथा आहे. रोमन कवी ओव्हिड सांगतो की ती मुळात सुंदर केसांची मुलगी. देवळात समुद्रदेवाने तिच्यावर अत्याचार केला आणि शाप मात्र तिलाच मिळाला. तिच्या नजरेने माणूस दगड होतो, असे पुढे सर्वत्र झाले. आपल्या डोंगराळ पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवलेल्या बाया पाहाव्यात. बहुधा विधवा, एकटी, आणि नावावर थोडी जमीन असलेली. तिची नजर लागते म्हणून पोर दगावले, गाय आटली. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायद्याने हात बांधता येतात. डोळे निवळायला शाळाच लागते.

आणि सुरतेतले आपले लोक? त्यांनी कष्टाने घरे बांधली, दुकाने टाकली, मुले इंजिनीअर केली. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले श्री. सी. आर. पाटील २००९ पासून नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून जात आहेत. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. शिक्षक म्हणून मला या गोष्टीचे फार मोल वाटते. वेशीबाहेरचा माणूस आत आला. पण आत आल्यावर त्याने काय केले? लिंबायतमध्ये जन्मलेल्या, आता चांगल्या सोसायटीत राहणाऱ्या आपल्याच मुलांच्या तोंडी ‘ते ओडियावाले’, ‘ते भैये’ हे शब्द मी ऐकले आहेत. स्वर तोच, जो त्यांच्या आजोबांविषयी कोणी तरी काढला होता. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेले सुरतेचे मजूर गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले, तेव्हा दूरचित्रवाणीवर त्यांची गर्दी पाहून आपल्याही घरांत पहिला शब्द उमटला तो ‘हे लोक रोग पसरवणार’ असाच. पंचवीस-सव्वीस वर्षांत आपण खळ्यावरच्या तीन रात्री विसरलो.

कर्णाची जागा

सुरतेतच अश्विनीकुमार घाटावर एक स्थान आहे. तेथे तीन पानांचा वड दाखवतात. लोककथा अशी की, मरताना कर्णाने श्रीकृष्णाकडे मागणे मागितले, जेथे पूर्वी कोणाला जाळले नाही अशा कुमारी भूमीवर माझा अंत्यविधी व्हावा. सारी पृथ्वी शोधून अशी जागा मिळाली ती तापीच्या काठी, सुरतेत. तापी सूर्याची कन्या, कर्ण सूर्याचा पुत्र. म्हणजे भावाला शेवटची जागा बहिणीने दिली.

इतिहासाचा पुरावा म्हणून ही कथा मी मांडत नाही. पण एखादे शहर आपल्याविषयी कोणती कथा जपते, हाही इतिहासच असतो. कर्ण कोण? जन्मताच पाण्यात सोडलेला, भर सभेत सूतपुत्र म्हणून हिणवलेला, कर्तबगारी असून पंगतीबाहेर ठेवलेला. ज्याला हस्तिनापुराने आपले म्हटले नाही, त्याला आम्ही जागा दिली, असे सुरत पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगत आली. ती जागा केवळ चितेपुरती होती एवढेच दुःख. जिवंतपणी जागा देणे अवघड असते.

आपली दोन भाषांची घरे या कामाला सर्वांत योग्य आहेत. ज्या घरात आई मराठीतून रागावते आणि शेजारीण गुजरातीतून समजूत घालते, त्या घरातल्या मुलाला एकच घटना दोन बाजूंनी ऐकायची सवय सहज लागते. त्याला सुरतेची स्वारी सांगावी. महाराजांचा विवेक सांगावा, जळालेल्या घरांचे दुःखही सांगावे. मामला गाव सांगावे, वेड रोड सांगावा, खळ्यावरच्या रात्री सांगाव्यात. मग गंजामहून आलेला एखादा पोरगा त्याच्या शेजारच्या बाकावर येऊन बसला, तर तो दुरून पाहणार नाही. घोड्याने पाणी पिऊन मान वर काढेपर्यंत थांबण्याएवढा धीर त्याच्याजवळ असेल. तेवढ्या वेळात नरतुरंगाचा घोडा निराळा होतो आणि माणूस निराळा दिसू लागतो.